जोडीचा दोर

कियोज्जा, १४ नोव्हेंबर १९५५

प्रिय साडू बोर्तोलो,

रोममधल्या दहा मिनिटांची खरी किंमत काय, ते आधी ऐक. जाता-येता आगगाडीत बसून काढलेला प्रवास. लेप्यांची एक करंडी, बर्फासकट, जी मंत्रालयाच्या दारवानाने 'आत पोचवतो' म्हणून घेतली आणि जिच्या तळणीचा वास मला दुपारी त्याच्याच खोलीतून आला. लग्नातल्या बुटाची एक टाच. आणि तुझ्या मेहुणीचा, ओर्सोलाचा, अबोला, कारण सेंट मार्टिनच्या सणाला मी घरी नव्हतो. एवढं सगळं मोजल्यावर उपसचिवसाहेबांनी मला दहा मिनिटं दिली, आणि त्यातली निम्मी ते टेलिफोनवर हसत होते.

पण उरलेल्या निम्म्यात मी काम केलं!

बातमी तुला कळलीच असेल, तुझ्या खिडकीखालीच बांधून ठेवलीय म्हणतात. चार तारखेला पहाटे आमची 'नीवेस' तुमच्या गस्तीच्या नौकेने धरली. का, तर म्हणे तुमच्या सागरी हद्दीत शिरली. तांडेल माझा जावई इसेपो, आणि बरोबर चार खलाशी. जोडीतली दुसरी, 'ओर्सोला', माझ्या पोराच्या, सान्तेच्या हातात होती. ती सुखरूप घरी आली. दोन बहिणींची नावं दोन बोटींना दिली तेव्हा तू बजावलं होतंस ना, 'नाने, माझ्या बायकोच्या नावाची बोट बुडवलीस तर याद राख'? बुडवली नाही रे बाबा. माहेरी गेलीय!

सान्ते सांगतो ते असं. दोन बोटी, मधे जाळं, दोघींकडून एकेक दोर, नेहमीसारखंच. अचानक नैऋत्येचा वारा उठला. 'ओर्सोला'कडचा दोर ताणाने तुटला. सगळं जाळं एकट्या 'नीवेस'च्या शेपटीला लोंबकळलं आणि वाऱ्याने तिला हद्दीत ढकललं. जाळ्याने पाय धरले नसते तर तुमच्या पोरांना ती सापडली असती होय?

हेच मी साहेबांना सांगितलं. त्यांनी पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं. 'म्हणजे बोट गेली नाही, नेली गेली,' ते म्हणाले, आणि लिहून घेतलं. बेलग्रेडला, तुमच्या राजधानीला, जाणाऱ्या खलित्यात आता नाने तिओज्जोची हकीकत आहे. बाजारात करंड्या वाहणाऱ्या नानेची! आमच्या गावात अर्धे तिओज्जो आणि अर्धे बोस्कोलो, टोपणनावाशिवाय माणूस सापडत नाही. मला 'कान' म्हणतात ते उगाच नाही. लिलावात समोरचा श्वास कसा घेतो त्यावरून मी त्याचा भाव ओळखतो. मंत्रालय म्हणजे तरी काय, मासळीबाजारच, फक्त वास दाबून ठेवलेला.

बोर्तोलो, माझ्या पाठीवर कोणाच्या बापाचा हात नव्हता. जोडी, घर, धक्क्यावरची जागा, सगळं मी एकट्याने ओढून आणलंय. जावयालाही एकट्याने ओढून आणीन. बोटीसकट, दंडाशिवाय, नाताळच्या आत.

एल्दाने नवऱ्यासाठी विणलेली बंडी टपालाने पाठवतोय. त्याच्या अंगावर चढलेली बघ आणि मला कळव.

तुझा
नाने

*

लोशीन, २४ नोव्हेंबर १९५५

प्रिय नाने,

पहिली गोष्ट. पाकिटावर 'लुस्सीन' लिहू नकोस, 'लोशीन' लिही. जुनं इटालियन नाव दिसलं की पत्र जास्त टेबलांवर बसतं आणि माझ्यापर्यंत येतं तेव्हा डिंकाचा वास बदललेला असतो. वाचणाऱ्यांनाही माझा नमस्कार.

बंदर कचेरीत हल्ली दुभाष्या म्हणून मलाच बोलावतात. दोर वळायचा कारखाना बंद पडला, तेव्हापासून दोन्ही बाजूंचे शब्द वळतो. त्यामुळे इसेपोला पहिल्याच दिवशी भेटलो. त्यांना मिठाच्या जुन्या कोठारात ठेवलंय. मारहाण नाही, उपासमार नाही. तुझी मेहुणी रोज सूप घेऊन जाते. पहारेकऱ्याने तिला हटकलं, 'मावशी, हा तुमचा कोण लागतो?' ती म्हणाली, 'माझ्या नावाच्या बोटीचा तांडेल आहे. आणखी कोण लागायला हवा? झाकण उघड, निवतंय.' आता तो पहारेकरीही वाटी घेऊन उभा असतो.

बंडी पोचली. खांद्यात जरा सैल होते, बारीक झालाय. त्याने सगळ्यांची चौकशी केली. एल्दाची, तिच्या छोटीची, ओर्सोलाताईंची, तुझ्या गुडघ्याची, जाळ्यांच्या खोलीत झोपणाऱ्या मांजराचीसुद्धा. सान्तेचं नाव तेवढं काढलं नाही. मी जरा थांबून राहिलो, पण नाही.

आणि नाने, त्या पहाटे इथे वारा नव्हता. नीवेस चूल पेटवत होती आणि मी अंगणात होतो. धूर सरळ वर जात होता. मी हे कोणाला सांगितलेलं नाही, मला कोणी विचारलेलंही नाही. पण दोराचा मुद्दा फार ताणू नका. वकिलाला सांग, चूक झाली म्हणा, दंड भरा, माणसं सोडवा. इथल्या लोकांचा माणसांवर राग नाही. हद्द आहे, एवढं त्यांना तुमच्या तोंडून ऐकायचंय.

तुझा
बोर्तोलो

*

कियोज्जा, ५ डिसेंबर १९५५

साडूबुवा,

धूर सरळ वर! वा! म्हणजे आता दोन देशांच्या वाटाघाटी माझ्या मेहुणीच्या चुलीवर ठरणार? तुमच्या बेटाच्या आडोशाला वारा नसेल, समुद्रावर होता. सान्ते समुद्रावर होता, तू अंगणात होतास.

राग येईल, पण लिहितो. युद्धानंतर तुमचं बेट आपल्या देशातून तिकडे गेलं, अर्धी घरं कुलुपं लावून इकडे आली, तू राहिलास. सासूची कबर, दोराचा कारखाना, काय काय कारणं सांगितलीस. मी तेव्हा बोललो नाही. आज बोलतो. इतकी वर्षं त्या झेंड्याखाली राहून तुझा कणा भिजलेल्या दोरासारखा झालाय, कसाही गुंडाळावा. 'चूक झाली म्हणा'! न केलेली चूक?

आता बातमी ऐक. या महिन्यात रिएकाला दोन्हीकडची शिष्टमंडळं बसणार आहेत. टेबलावर व्यापाराच्या देवघेवीचं सिमेंट, लाकूड, इंजिनं, आणि त्यांच्यामध्ये वर्षभरात धरलेल्या आमच्या साऱ्या बोटी. वकील सांगत होता, बाकीच्यांची बाजू लंगडी आहे. सगळे चोरून शिरले होते हे शेंबड्या पोरालाही कळतं. स्वच्छ प्रकरण एकच, आपलं. उपसचिवसाहेब स्वतः म्हणाले, 'तिओज्जो, तुमच्या दोराला धरून आम्ही बाकीच्यांनाही बाहेर काढू.' ऐकलंस? ज्यांनी मला कधी लिलावात पुढे उभं राहू दिलं नाही, त्यांच्या बोटी आज माझ्या दोराला बांधल्यात! गेल्या रविवारी चर्चच्या पायरीवर तिघांनी टोपी काढली.

मी साहेबांना शब्द दिलाय, गरज पडली तर दोराचं आमच्याकडचं टोक घेऊन मी स्वतः येईन.

घरात मात्र वातावरण जड आहे. सान्ते जेवायला बसतो आणि ताटाकडे बघत राहतो. भावोजीसाठी झुरतोय पोरगा. रक्ताचं नातं नसताना एवढी माया, हल्ली कुठे बघायला मिळते?

नाने

*

लोशीन, १९ डिसेंबर १९५५

प्रिय नाने,

कण्याबद्दल लिहिलंस ते नीवेसला वाचून दाखवलं. ती म्हणाली, 'भावोजींना सांगा, वाकतो म्हणूनच दोर कामाला येतो. ताठ राहायला काठी असते.' माझ्याकडून एवढंच.

रिएकाला मीच दुभाष्या होतो. हिरव्या कापडाचं लांब टेबल, दोन्हीकडे चष्मे. आमच्या बाजूचा प्रमुख सर्दी झालेला, सौम्य माणूस. सकाळभर सिमेंट झालं. मग त्याने 'नीवेस'च्या जाळ्याबरोबर आलेला तो दोर आणवला आणि तसाच, मिठाने पांढरा झालेला, हिरव्या कापडावर ठेवायला लावला.

'हा तुटलाय असं आपलं म्हणणं?'

'अर्थात,' रोमचे साहेब म्हणाले.

'आपण कधी तुटलेला दोर पाहिलाय?'

'मी कायद्याचा माणूस आहे.'

'मीही. म्हणून या म्हाताऱ्याला विचारू. हे पूर्वी दोर वळायचे.'

आणि टेबलाच्या दोन्ही बाजू माझ्याकडे वळल्या. मी म्हटलं, 'साहेब, दुभाष्याला स्वतःचं मत नसतं.' तो हसला, नाक पुसलं, दोराकडे बोट दाखवलं. 'मग याचं भाषांतर करा.'

नाने, मी म्हटलं, 'याला आणखी एक टोक आहे. अर्ध्या वाक्याचं भाषांतर होत नाही.' सगळे हसले, बैठक उठली. जानेवारीत पुन्हा बसणार आहेत आणि तुमच्याकडचं टोक मागितलंय. तुझ्यासाठी मी एवढाच वेळ विकत घेऊ शकलो.

तुटलेला दोर म्हाताऱ्याच्या दाढीसारखा दिसतो. तुला माहीत आहे, मला माहीत आहे. या पत्राला वाचक फार, म्हणून इथेच थांबतो. पण टोक घेऊन निघण्याआधी घरात एक गोष्ट विचार. जोडीतला दोर कापायची वेळ आलीच तर आधी शिंग फुंकायचं, आणि समोरच्या बोटीचं शिंग उत्तर देईपर्यंत कुऱ्हाड उचलायची नाही, हे तुमच्याकडे पोरांना पोहण्याआधी शिकवतात.

त्या पहाटे शिंग वाजलं का, एवढंच विचार.

बोर्तोलो

*

कियोज्जा, ३० डिसेंबर १९५५

बोर्तोलो,

हे पत्र टपालाने नाही, तुमच्या धक्क्याला लागणाऱ्या एका बोटीवर देतोय. नाताळ होऊ दिला आणि मग विचारलं.

शिंगाचं नाही, आधी टोक मागितलं. सान्ते म्हणाला, 'फेकून दिलं. कालव्यात.'

आमच्या घरात दोर फेकत नाहीत. तुकड्यांचे गोंडे करून बोटीच्या कडेला बांधतात, उरलेल्या चिंध्यांनी ओर्सोला भांडी घासते. हे पोरगं त्या गोंड्यांशी खेळत मोठं झालं. मी नुसतं म्हटलं, 'फेकून दिलं?' आणि मला सगळं ऐकू आलं.

'बाबा, गस्तीचा दिवा दिसला. त्यांनी दोघांनाही धरलं असतं.'

'शिंग?'

'वाजवलं असतं तर त्यांना ऐकू गेलं असतं.'

'इसेपोला ऐकू गेलं असतं,' मी म्हटलं.

एल्दा चुलीपाशी होती. तिने मक्याच्या पिठाची घट्ट पोलेंटा लाकडी फळीवर ओतली, नेहमीसारखी दोऱ्याने कापली, सगळ्यांना वाढली. भावालाही वाढली. मग छोटीला उचललं आणि वर निघून गेली. त्या दिवसापासून ती आमच्याशी कामापुरतं बोलते, आणि सान्तेशी तेवढंही नाही.

या घरात सगळ्यांत तिखट कान माझे. माझ्या शेजारी बसून पोरगं गप्प होतं आणि मला ती माया वाटली.

आता मी काय करू? खरं सांगितलं तर रोमचा खलिता खोटा पडतो, त्याला बांधलेल्या बाकीच्या बोटीही अडकतात, आणि सान्तेच्या हातात पुन्हा कोणी सुकाणू देणार नाही. न सांगावं तर टोक कुठलं नेऊ? जुना दोर दोन रहाटांना बांधून ताणला की तुटतो; तुटलेलं टोक तयार करायला कितीसा वेळ लागतो! मी तुझ्यापासून लपवत नाही, त्यासाठी जाळ्यांच्या खोलीत गेलो होतो. दोर हातात घेऊन बसलो. मग मांजर येऊन मांडीवर बसलं आणि मी उठलोच नाही.

इसेपोला माहीत आहे का?

कण्याचं लिहिलं ते माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. माफ कर.

नाने

*

लोशीन, १० जानेवारी १९५६

प्रिय नाने,

माहीत आहे. पहिल्या दिवसापासून. मी तुझं पत्र आल्यावर त्याला विचारलं. तो कोठाराच्या पायरीवर उन्हाला बसला होता, हातातली दोरी उकलत आणि पुन्हा वळत.

'काका, उजाडत होतं. मला स्पष्ट दिसलं. सान्ते मागच्या बाजूला उभा होता, हातात कुऱ्हाड. मी शिंग तोंडाला लावून थांबलो होतो. त्याने वाजवलं असतं तर मी उत्तर दिलं असतं. सांगितलं असतं, काप. काप आणि जा.'

'मग हे त्यांना का सांगत नाहीस?'

'काय सांगू? एल्दाचा भाऊ मला जाळ्यासकट टाकून पळाला? ते घर आहे काका. छोटी तिथे मोठी व्हायचीय.'

मग काल त्याने बंदर कचेरीत जबाब दिला. भाषांतर मी केलं, म्हणून शब्द न् शब्द सांगू शकतो. आपण हद्दीत आहोत हे ठाऊक होतं. वारा नव्हता. गस्त दिसली तेव्हा जोडीचा मुख्य तांडेल म्हणून मीच शिंग वाजवलं आणि दुसऱ्या बोटीला दोर कापून जायला सांगितलं. तिने माझा हुकूम पाळला. खाली सही.

मी आयुष्यात इतकं स्वच्छ भाषांतर केलं नसेल.

दोन्हीकडचे चष्मे खूश आहेत. आमच्यांना हद्दीची कबुली मिळाली, तीही तांडेलाच्या तोंडून. तुमच्यांना म्हणता येईल, एका माणसाचा दोष, सरकारचा नाही. सिमेंट सुटलं, लाकूड सुटलं, बोटी सुटतील. 'नीवेस' आणि चौघे खलाशी महिनाअखेरीस घरी येतील. इसेपो सहा महिने इथे.

नाने, बैठक आणखी आठवडाभर चालू आहे. हे पत्रही टपालाने नाही, कियोज्जाला परतणाऱ्या बोटीवर देतोय, म्हणजे कोणी न वाचता वेळेत पोचेल. तुला हे मान्य नसेल तर तुझी एक तार पुरे. 'जबाब खोटा आहे' एवढंच लिही. पुढचं मी बोलेन. या वेळी मत असलेला दुभाष्या होईन. मान्य असेल तर काहीच करू नकोस.

बोर्तोलो

*

कियोज्जा, ४ फेब्रुवारी १९५६

प्रिय बोर्तोलो,

'नीवेस' आली. थंडी अशी पडलीय की कालव्यांच्या कडेला बर्फ धरलंय, तरी बँड आला. वाजवणाऱ्यांचे ओठ पितळेला चिकटत होते. पाद्रीबाबांनी पाणी शिंपडलं, उपसचिवसाहेबांची अभिनंदनाची तार नगरपालिकेत मोठ्याने वाचली. गावात मला आता 'उपसचिव' म्हणायला लागलेत, 'कान' मागे पडलं. सान्तेच्या पाठीवर थापा पडल्या. 'तांडेलाचं ऐकलंस, शाबास!' तो मान खाली घालून उभा होता आणि लोकांना वाटलं, लाजतोय.

मी पोस्टात गेलो होतो. दोनदा. दुसऱ्यांदा फॉर्म घेतला, नाव लिहिलं. खिडकीतल्या बाईने विचारलं, 'काय कळवायचं, नानेबाबा? चांगली बातमी?' मी म्हटलं, 'हो, चांगलीच.' आणि फॉर्म खिशात घालून घरी आलो.

तू समजून घेशील. सहा महिने म्हणजे काय, उन्हाळ्यात येईल. वरचा मजला त्याला नीट करून देतो. 'नीवेस' त्याच्या नावावर करतो. कागद तयार ठेवलेत. एका पोराचे सहा महिने आणि दुसऱ्याचं सबंध आयुष्य, तू असतास तर काय निवडलं असतंस?

एल्दा धक्क्यावर आली नाही.

नाने

*

लोशीन, १२ जुलै १९५६

प्रिय नाने,

फेब्रुवारीच्या तुझ्या पत्राला उत्तर दिलं नाही. देता आलं नाही. तू विचारलं होतंस, मी काय निवडलं असतं. मला माहीत नाही. पण एक गोष्ट तेव्हा तुला सांगितली नव्हती, ती आता सांगतो.

मी तुला तारेचं लिहिलं, ते इसेपोच्या सांगण्यावरून. तो म्हणाला होता, 'मामांना कळवा आणि त्यांच्यावर सोडा. दबाव आणू नका. मला बघायचंय.' मग तो आठवडा. टपाल यायच्या वेळी तो कोठाराच्या दाराशी येऊन उभा राहायचा. मी लांबून दिसलो की विचारायचा नाही, फक्त बघायचा. मी मान हलवली की आत जायचा. शेवटच्या दिवशी मी म्हटलं, 'वाटेत अडकली असेल. आपल्याकडच्या तारा...' त्याने मला वाक्य पुरं करू दिलं नाही. 'असू द्या काका. मीही त्यांच्या जागी असतो तर मुलाचाच विचार केला असता. फक्त मला वाटत होतं, मी पण...' आणि तो आत निघून गेला.

काल त्याला सोडलं. कियोज्जाची एक बोट पाण्यासाठी धक्क्याला लागली होती, न्यायला तयार होती. तो गेला नाही. रिएकाच्या आगबोटीत बसला, तिथून त्रिएस्ते. मोनफाल्कोनेच्या जहाज कारखान्यात कोणीतरी काम बघून ठेवलंय. एल्दाला त्याने वेगळं लिहिलंय.

तुझ्यासाठी निरोप: 'मामांना सांगा, मी रागावलेलो नाही. बोट मला नको. मी आता जोडीत बसणार नाही.'

नीवेसने त्याला अंजिरं बांधून दिली. घरी आल्यावर ती चुलीपुढे बसली आणि म्हणाली, 'भावोजींना लिहा, त्या बोटीवरचं माझं नाव पुसून टाका.' मी तिला म्हटलं, राग ओसरला की लिहीन. तिने उठून दौत माझ्यापुढे ठेवली.

बोर्तोलो

*

कियोज्जा, २ सप्टेंबर १९५६

प्रिय बोर्तोलो,

एल्दा घर सोडून इसेपोकडे गेली. ऑगस्टच्या मध्यावर, भर सणात. सकाळी तिने अंगण झाडलं, आईला मिठी मारली. माझ्यापाशी येऊन म्हणाली, 'बाबा, तुम्ही खूप केलंत.' एवढं शांतपणे म्हणाली की मी 'बस, जेवून जा' असं म्हणालो, जणू ती बाजाराला निघालीय. छोटीच्या हातात तो एक गोंडा होता, दोराचा, खेळायला नेला. व्हेनिसला जाणाऱ्या बोटीवर मी त्यांची पेटी चढवून दिली. छोटी हात हलवत राहिली. ओर्सोला धक्क्यावर आली नव्हती. परत आलो तर ती वरच्या मजल्यावर होती, मी नव्याने रंगवलेल्या खोलीत, जमिनीवर बसलेली.

सान्तेचं सांगतो. शाबासकी वसंतापर्यंत पुरली. चौघे खलाशी किती दिवस गप्प राहणार? मद्याच्या दुकानात एकाने दुसऱ्याला सांगितलं, शिंग वाजलंच नव्हतं. भांडण नाही, शिवी नाही. सान्ते आत गेला की बोलणं चालूच राहतं. फक्त त्याच्या बाजूची खुर्ची रिकामी राहते. मी दुसरा तांडेल शोधला. तिप्पट वाटा देऊ केला. म्हातारा बोस्कोलो, ज्याला मी तारण न घेता एकदा कर्ज दिलं होतं, तो टोपी हातात घेऊन म्हणाला, 'नाने, वाटा चांगला आहे. बोटही चांगली आहे. पण दोराच्या त्या टोकाला कोण उभं असणार?' आणि टोपी घालून गेला.

सान्ते आता दिवसभर जाळ्यांच्या खोलीत बसतो. काल मी त्याच्या शेजारी जाऊन बसलो. तो म्हणाला, 'बाबा, त्याने उत्तर दिलं असतं का?' तुझं जानेवारीचं पत्र मी त्याला दाखवलेलं नव्हतं. मी म्हटलं, 'माहीत नाही.' हे त्याच्यासाठी शेवटचं खोटं.

वकिलाने नव्या कराराची छापील प्रत पाठवलीय. साहेबांनी खास माझ्यासाठी सही करून दिली म्हणे. नकाशा आहे, लाल रेघ आहे, कोण कुठे केव्हा मासे धरू शकतो ते आहे. आमच्या बोटी त्यात कुठेच नाहीत. माझ्या दोराचाही उल्लेख नाही. मी पहिल्यांदा पानं उलटली ती तोच शोधत. ओर्सोलाने प्रत कपाटावर ठेवलीय, त्यावर बरण्या आहेत.

नीवेसला सांग, तिचं नाव पुसायला मी स्वतः शिडी लावून चढलो होतो. घासलं, पण जुना रंग खोल मुरलाय. उजेड तिरपा पडला की दिसतं. तिला म्हणावं, नवा रंग देणार नाही. दुसरं नाव मला सुचत नाही.

हंगाम सुरू झाला. पहाटे बाकीच्या जोड्या बाहेर पडतात तेव्हा मी खिडकीत असतो. समुद्राच्या तोंडाशी पोचल्यावर एक शिंग वाजवतो, दुसरा उत्तर देतो. मला इथे, खिडकी बंद असली तरी, ऐकू येतं. आमच्या दोन्ही बोटी धक्क्याला शेजारी शेजारी बांधल्यात. इंजिनं तेल घातलेली, सुकाणू नीट, जाळं नवं. कशातच काही खोट नाही.

फक्त एका बोटीने ते जाळं ओढता येत नाही.

तुझा
नाने